पटकथेचे पान आणि पडद्यावरचे दृश्य: एका सुविधेचे परीक्षण

दृश्य चालू असताना त्याच्या पटकथेचे पान शेजारी दाखवणारी, चित्रपटाच्या डिस्कवरील सुविधा मी काही आठवडे बारकाईने वापरली आणि तिने माझी चित्रपट पाहण्याची सवयच बदलली. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा रूढ हिशेब आहे. परंतु चार ओळींचे वर्णन दोन मिनिटांच्या निःशब्द दृश्यात कसे पसरते आणि अर्ध्या पानाचा संवाद संकलनानंतर एका नजरेत कसा सामावतो, हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय उमगत नाही. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या हॉलिवूडपटात योजलेली लांब झुंज नायकाची भूमिका करणारा हॅरिसन फोर्ड आजारी असल्यामुळे पिस्तुलाच्या एका गोळीत संपली, आणि तो प्रसंग अजरामर झाला, असे बदल पानावर बोट ठेवून पाहण्याचा आनंद फार मोठा आहे.

मात्र दाखवलेला मसुदा चित्रीकरणापूर्वीचा आहे की तयार चित्रपटावरून नंतर उतरवलेला, याचा उल्लेख कोठेही नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते, कारण नंतर उतरवलेल्या प्रतीत तुलनेसाठी काही उरतच नाही. पाने आपोआप सरकतात. ती थांबवण्याची सोय हवी होती.