फिरती पाळी की जनरल पाळी: घर आणि हरिपाठ दोन्ही सांभाळायचे असतील तर

जळगाव-भुसावळकडच्या कारखान्यांत काही वर्षे काढली, की दर आठवड्याला बदलणारी फिरती पाळी सोडून जनरलमध्ये, म्हणजे रोज दिवसाच्या ठरलेल्या वेळेच्या पाळीत, यायचे का, हा प्रश्न बहुतेकांसमोर कधीतरी येतोच. घरात शाळेत जाणारी मुले आणि गळ्यात माळ असेल, तर तो केवळ पगाराचा प्रश्न राहत नाही. आठवड्याचे ४८ तास दोन्हीकडे सारखेच. फरक पडतो तो रात्रपाळीच्या भत्त्याचा आणि ओव्हरटाइमचा, आणि तो हिशेब ज्याने त्याने आपल्या पगारपत्रकावरून करावा. मी दोन्हीकडे काम केले आहे आणि सध्या जनरलमध्ये आहे.

फिरत्या पाळीला सरसकट नावे ठेवणे मला योग्य वाटत नाही. पहिल्या पाळीतून दुपारी तीनला सुटलेला माणूस उन्हे कलायच्या आत केळीच्या बागेत फेरी मारू शकतो आणि आईला घेऊन दवाखान्यातही जाऊ शकतो. जनरलवाल्याला या प्रत्येक कामासाठी अर्धी रजा टाकावी लागते. रात्रपाळीचाही एक गुण आहे: अकराला कामावर जायचे असल्याने संध्याकाळ पूर्ण घरची असते, हरिपाठाला निवांत बसता येते आणि मुलांबरोबर जेवणही होते. वैशाखात मात्र तापलेल्या पत्र्याखाली कूलर लावूनही दिवसा झोप लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेची चिडचिड घरच्यांवरच निघते.

माझा निर्णय झाला तो दुपारच्या, म्हणजे तीन ते अकराच्या पाळीमुळे. त्या आठवड्यात मी घरी पोहोचेपर्यंत मुले झोपलेली असत, सकाळी त्यांची शाळेची गडबड चाले तेव्हा माझी झोप अर्धवट असे, आणि ती शाळेतून परत येईपर्यंत माझी निघायची वेळ झालेली असे. मुलगी गृहपाठाची वही ओट्यावर उघडी ठेवून, सही करायच्या जागेवर पेन आडवे ठेवून झोपत असे. मी जेवणाआधी सही करी, पण त्या पानावरची कविता तिच्या तोंडून ऐकायची राहून जाई. देवळातला हरिपाठही नेमका त्याच वेळेचा. टाळकऱ्यांच्या रांगेतली माझी जागा आठवडाभर रिकामी राही, आणि पुढच्या आठवड्यात चालीत मिसळायला पुन्हा वेळ लागे. भत्त्याने याची भरपाई होते, असे मला कधीच वाटले नाही.

सणांचे म्हणाल, तर कौल पूर्णपणे एका बाजूने देता येत नाही. वैशाख वद्य दशमीचा मुक्ताईंचा सोहळा किंवा महाशिवरात्रीची चांगदेव-मुक्ताईची यात्रा तिथीने येते. ती आठवड्याच्या मधल्या वारी आली, तर पहिल्या पाळीवाला दुपारनंतर तरी निघू शकतो. कानबाई, ही आपली खानदेशातली देवी, मात्र श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारीच बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन रोट करायचे, बाहेरगावचे भाऊबंद त्याच दिवशी यायचे, रात्री जागर आणि सोमवारी विसर्जन. आमच्याकडे पाळीबरोबर सुटीचा वारही फिरत असे, त्यामुळे या रविवारसाठी दरवर्षी कोणाला तरी बदली पाळी मागावी लागे. आणि ज्याला मागावी, त्याच्याही घरी कानबाई असे. जनरलमध्ये रविवार मोकळा असतो, फक्त सोमवारची रजा टाकली की झाले. कार्तिकातल्या काकड्यालाही जनरलवाला घाई न करता थांबू शकतो. सातच्या पाळीला पोहोचायचे असेल, तर आरती आटोपण्याआधीच निघावे लागते.

पती-पत्नी दोघेही नोकरीला असतील आणि दुपारी मुलांजवळ कोणीतरी हवे असेल, किंवा घराच्या कर्जाचा हप्ता भत्त्यावरच अवलंबून असेल, तर फिरती पाळी चालू ठेवणे कदाचित अधिक सोयीचे ठरेल. इतरांनी, विशेषतः मुले दहा-बारा वर्षांच्या आत असतील तर, जनरलचा विचार गांभीर्याने करावा, असे मला वाटते. होकार देण्याआधी साप्ताहिक सुटी रविवारचीच राहील का आणि माणसे कमी पडली तर पुन्हा दुपारच्या पाळीला बोलावतील का, हे दोन्ही प्रश्न साहेबांना स्पष्ट विचारावेत आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.