निकॉन डी३५०० : कारण आणि परिणाम दाखवणारा कॅमेरा

निकॉनने डी३५०० हा डीएसएलआर (लेन्समधले दृश्य आरशाने थेट डोळ्यापर्यंत नेणारा कॅमेरा) ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर केला. आता त्याचे उत्पादन थांबले असल्याने तो घ्यायचा तर बहुधा वापरलेलाच घ्यावा लागतो. तरीही त्याचे परीक्षण लिहिण्याचे कारण असे, की मोबाइलवरच्या छायाचित्रांनी समाधान होत नाही आणि छायाचित्रण रीतसर शिकायचे आहे, असे म्हणणाऱ्यांपुढे हे नाव अजूनही वारंवार येते. हौशी माणसाने कॅमेरा निवडताना चित्राच्या गुणवत्तेइतकीच आणखी एक कसोटी लावावी, असे माझे मत आहे: आपण एखादी सेटिंग बदलली, तर तिचा परिणाम छायाचित्रात किती स्पष्ट दिसतो? या कसोटीवर डी३५०० काही बाबतींत फार चांगला उतरतो आणि काही बाबतींत अडतो.

मोबाइलचा कॅमेरा बहुतेक वेळा एका क्लिकमागे अनेक फ्रेम टिपून त्या जुळवतो, सावल्या उजळतो आणि चेहऱ्यामागचा भाग गणिताने धूसर करतो. चित्र अनेकदा देखणे येते, पण ते तसे का आले हे काढणाऱ्याला कळत नाही. डी३५००चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, २३.५ × १५.६ मिमी आकाराचा आणि २४.२ मेगापिक्सेलचा आहे, आणि रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात छायाचित्र काढले तर एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकदाच प्रकाश आत घेताना, जे आले तेवढेच हाती पडते. शटरगती कमी होती, म्हणजे शटर जास्त वेळ उघडे राहिले, म्हणून हात हलल्याची रेघ दिसते. ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र) मोठे ठेवले म्हणून नाकाचा शेंडा स्पष्ट आणि कान धूसर दिसतो. चूक झाली तर ती कुठे झाली हे शोधता येते. हा सेन्सर सढळही आहे: कमी आयएसओवर (प्रकाशाला प्रतिसाद देण्याच्या पातळीवर) काढलेल्या रॉ फाइलमधील अंधारे भाग नंतर बरेच उजळता येतात, आणि आयएसओ ३२०० पर्यंतची चित्रे मी निःशंकपणे वापरतो. मर्यादा २५६०० पर्यंत लिहिलेली असली तरी ते टोक अगदी नाइलाज असेल तेव्हाच वापरावे.

कॅमेरा हाताळायला सुखद आहे. बॅटरी आणि कार्डाविना त्याचे वजन ३६५ ग्रॅम भरते, पकड खोल असल्याने बोटे घट्ट बसतात, आणि प्रमाणित चाचणीनुसार एका चार्जिंगमध्ये सुमारे १५५० छायाचित्रे निघतात. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एकच वस्तू दहा प्रकारे टिपून पाहताना बॅटरीची चिंता करावी लागत नाही. अडचण नियंत्रणांची आहे. सेटिंग बदलण्यासाठी एकच चक्र दिलेले असल्याने मॅन्युअल मोडमध्ये, जिथे सगळे हाताने ठरवायचे असते, ते शटरगती बदलते आणि ॲपर्चर बदलायचे तर अधिक-उणे चिन्हाचे बटण दाबून धरत तेच चक्र फिरवावे लागते. आयएसओसाठी स्वतंत्र बटणच नाही. ‘आय’ बटण दाबून पडद्यावरच्या चौकटीपर्यंत जावे लागते. म्हणून नवख्याने सुरुवातीला मॅन्युअलचा हट्ट धरू नये, असे मी सुचवेन. ‘ए’ म्हणजे ॲपर्चर-प्राधान्याचा मोड (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटरगती कॅमेरा ठरवतो) निवडावा, ऑटो आयएसओ चालू करून त्याची वरची मर्यादा आणि सर्वांत कमी शटरगती मेनूत ठरवून द्यावी, आणि चक्र फक्त ॲपर्चरसाठी ठेवावे. असे केले की लक्ष एकाच कारणावर राहते.

मोडच्या चक्रावर ‘गाइड’ नावाचा एक मोड आहे. पार्श्वभूमी धूसर करणे, हालचाल गोठवणे असे हेतू निवडले की तो त्याप्रमाणे सेटिंग सुचवतो. पहिल्या आठवड्यापुरता तो बरा आहे.

खरा विचार करायला लावतो तो व्ह्यूफाइंडर. प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यांना दिसणारे दृश्य लेन्समधून थेट येते. एक्स्पोजर कमी होणार की जास्त, हे त्यात दिसत नाही. लेन्स त्या वेळी पूर्ण उघडी असते आणि ॲपर्चर मिटवून पाहण्याचे बटण या कॅमेऱ्यात नाही, त्यामुळे एफ/८ वर (एफपुढचा आकडा मोठा तितके ॲपर्चर लहान) किती भाग स्पष्ट येईल तेही अंदाजानेच ठरवावे लागते. शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो, म्हणून कडेला न दिसलेली फांदी किंवा कुणाचा तरी कोपर चित्रात येऊन बसतो. प्रकाशमापक दृश्यातील उजेड मध्यम धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यांत उभी असलेली व्यक्ती मळकट दिसते आणि काळे मांजर राखाडी. पहिल्या प्रसंगी अधिक एक (दुप्पट उजेड), दुसऱ्या प्रसंगी उणे एक (निम्मा उजेड) अशी एक्स्पोजरची दुरुस्ती आधीच करायला शिकणे, हा या कॅमेऱ्यावरचा सर्वांत उपयोगी सराव आहे. त्यासाठी प्लेबॅकच्या मेनूत जाऊन हिस्टोग्राम (चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख) आणि अतिउजळ भाग दाखवण्याचे पर्याय चालू करावे लागतात. निकॉनने ते सुरुवातीला बंद का ठेवले, हे मला उमगलेले नाही.

सोबत बहुधा एएफ-पी १८-५५ मिमी ही लेन्स (किट लेन्स) मिळते. ती हलकी आहे, आवाज न करता झपाट्याने फोकस करते आणि दिवसाउजेडी तिची स्पष्टता अगदी समाधानकारक आहे. पण झूम करत गेले की तिचे कमाल ॲपर्चर एफ/३.५ वरून एफ/५.६ पर्यंत उतरते, आणि त्यामुळे ॲपर्चर बदलल्याचा परिणाम नवख्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही, एफ/५.६ आणि एफ/८ यांतला फरक दाखवून शिकवणे कठीण आहे. माझ्या मते डी३५०० ची खरी जोडी २००९ मध्ये आलेल्या डीएक्स (याच आकाराच्या सेन्सरसाठीच्या) ३५ मिमी एफ/१.८ या लेन्सशी जमते. तिचे वजन २०० ग्रॅम आहे, ती ३० सेंटिमीटरवरून फोकस करते आणि या सेन्सरवर फुल फ्रेममधील (याहून मोठ्या सेन्सरवरील) सुमारे ५२ मिमीइतका दृश्यकोन देते. किट लेन्सच्या ५५ मिमी टोकाच्या तुलनेत ती पूर्ण उघडल्यावर आठपटीहून अधिक प्रकाश आत घेते. एफ/१.८, एफ/४ आणि एफ/११ अशी एकाच चेहऱ्याची तीन चित्रे शेजारी ठेवली, की पुस्तकातील आकृतीची गरज उरत नाही.

जुन्या लेन्स घेताना मात्र सावध असावे. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी, १९५९ पासूनचा आहे आणि वापरलेल्या लेन्सचा साठा अफाट आहे, परंतु डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स यावर हातानेच फोकस कराव्या लागतात, तर त्याहून जुन्या, चिप नसलेल्या लेन्स बसल्या तरी प्रकाशमापन होत नाही.

बाकी बाबी थोडक्यात. फोकसचे बिंदू ११, त्यांतला क्रॉस प्रकारचा (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारा) फक्त मधला. सेकंदाला ५ फ्रेम. उडणारे पक्षी किंवा मैदानी खेळ हेच ध्येय असेल तर हे अपुरे पडेल. व्हिडिओसाठी हा घेऊच नये: ४के नाही, बाहेरचा मायक्रोफोन जोडायची सोय नाही, पडदा वळत नाही. मोबाइलवर चित्रे ब्लूटूथनेच जातात, आणि तीही लहान आकारात पाठवली तरच वेळेचे गणित जमते.

आजचे मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे, उदाहरणार्थ निकॉनचाच २०१९ मधील झेड५०, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये उजेडाचा परिणाम शटर दाबण्याआधीच दाखवतात. झेड५० मध्ये दोन चक्रे आहेत आणि २०९ फोकसबिंदू आहेत. परिणाम स्पष्ट दिसावा ही माझी कसोटी काटेकोरपणे लावली तर तो डी३५०० च्या पुढे आहे, आणि खर्च करायची तयारी असणाऱ्याने तोच मार्ग धरावा. डी३५०० मध्ये आधी अंदाज आणि मग पडताळा असा क्रम असतो. त्याला वेळ लागतो; ज्याला तो वेळ द्यायचा आहे आणि कॅमेऱ्यावर बेताचाच खर्च करून उरलेला लेन्सवर करायचा आहे, त्याला मी हाच कॅमेरा सुचवेन.

वापरलेला घेताना एफ/२२ वर कोऱ्या आकाशाचे चित्र काढून मोठे करून पाहावे. या कॅमेऱ्यात सेन्सर आपोआप झटकण्याची यंत्रणा नसल्यामुळे धुळीचे काळे ठिपके दिसण्याची शक्यता असते. हवेच्या पंपाने ते उडाले तर घाबरण्याचे कारण नाही, चिकटलेले राहिले तर सफाईचा खर्च धरावा. आतापर्यंत शटर किती वेळा चालले आहे, हा आकडा छायाचित्राच्या फाइलमधील माहितीवरून काढता येतो. विकणाऱ्याच्या शब्दावर न थांबता तो स्वतः पाहावा. किट लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरे आहेत का तेही तपासावे, कारण हात हलल्याचा दोष कमी करणाऱ्या या सुविधेशिवायचीही एक १८-५५ मिमी एएफ-पी लेन्स बाजारात आहे आणि दिसायला ती जवळजवळ तशीच आहे.