मॅगझिन कंपनीचं की बाहेरचं? आधी रायफल कोणती ते सांगा

आपल्या डोक्यात स्कूटरच्या स्पेअर पार्टचा हिशोब पक्का बसलेला असतो: ओरिजिनल महाग पण भरवशाचा, लोकल स्वस्त पण बेभरवशाचा. अमेरिकेत सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली आणि जादा मॅगझिन, म्हणजे रायफलीत बसवायची काडतुसांची डबी, घ्यायची वेळ आली की हाच हिशोब पुढे येतो. एका रायफलीत तो तंतोतंत लागू पडतो, दुसरीत साफ चुकतो.

चुकतो तो एआर-15 या रायफलीत. तिथं 'कंपनीचं मॅगझिन' असं खऱ्या अर्थानं काही नाहीच. हे मॅगझिन मुळात अमेरिकी लष्कराच्या एम-16 रायफलीचं. त्याची मापं कितीतरी कारखान्यांना वर्षानुवर्षं पाठ आहेत. 1980 मध्ये नाटोत तेच प्रमाण म्हणून सुचवलं गेलं (मसुदा कधी मंजूर झाला नाही, पण सगळ्यांनी मानला). म्हणून रायफल एकाची आणि मॅगझिन दुसऱ्याचं हा इथं नियमच आहे. नव्या रायफलीच्या खोक्यातही बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचं मॅगझिन निघतं.

सरकारी ॲल्युमिनियमच्या मॅगझिनची दुखणी जुनी. रायफलीत मॅगझिन बसतं तो खाचा सरळ, कारण तो आधी 20 काडतुसांच्या छोट्या मॅगझिनसाठी केला होता. 30 चं करताना वरचा भाग सरळ ठेवून खाली बाक द्यावा लागला. त्या बाकातून वर येताना काडतुसांना खालून ढकलणारी पट्टी, म्हणजे फॉलोअर, तिरकी होऊन अडकायची. लष्करानं फॉलोअर आधी हिरवा केला, 2009 मध्ये सुधारून मातकट रंगाचा केला. दरम्यान 2007 मध्ये मॅगपुल या खासगी कंपनीनं प्लॅस्टिकचं पीमॅग आणलं, ज्याचा फॉलोअर तिरका होतच नाही. 2016 च्या अखेरीस खुद्द अमेरिकी मरीन कोअरनं त्याला मंजुरी दिली. 'बाहेरचं' मॅगझिन आणि मरीनच्या रायफलीत!

ॲल्युमिनियम की प्लॅस्टिक? ॲल्युमिनियमचं मॅगझिन पडलं की वरचे ओठ, जे काडतूस धरून ठेवतात, किंचित वाकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, मग एकाच वेळी दोन काडतुसं सुटतात आणि तुम्ही रायफलीला शिव्या देता. चांगलं प्लॅस्टिक वाकून राहत नाही. गेलंच तर तडा जातो आणि तो दिसतो. प्लॅस्टिक म्हटलं की आपल्याला भारतीय लष्कराची इन्सास रायफल आठवते. कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी होत्याच. पण म्हणून सगळ्या प्लॅस्टिकला एका माळेत ओवू नका. ॲल्युमिनियमची जमेची बाजू म्हणजे ते बारीक असतं, कुठल्याही खाचात बसतं. पीमॅगच्या आधीच्या पिढ्या काही युरोपीय रायफलींत बसत नसत. माझं मत विचाराल तर एआरला पीमॅग घ्या आणि विषय संपवा.

आता रुगर कंपनीची मिनी-14 रायफल. इथं स्कूटरचा हिशोब जसाच्या तसा. हे मॅगझिन सरळ वर ढकलून बसत नाही. पुढची खाच आत अडकवून मागचा भाग वर झुलवायचा, मग मागे खटका लागतो. दोन्ही टोकांचं माप अचूक हवं. मॅगझिन जरा खाली बसलं की बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा भाग, काडतुसावरून नुसता सरकून जातो. जरा वर बसलं की मॅगझिनलाच घासतो. ही मापं एकाच कंपनीची, आणि कंपनीचे संस्थापक बिल रुगर यांचा सामान्य ग्राहकाला मोठी मॅगझिनं विकायला विरोध होता. अनेक वर्षं 20 चं ओरिजिनल साध्या दुकानात मिळायचं नाही. ही पोकळी भरायला जे बाजारात आलं त्यातलं बरंचसं अंदाजानं बनवलेलं. माझ्या जुन्या मिनीसोबत अशी तीन आली होती. एक चाललं, एकानं दर सातव्या-आठव्या गोळीला दगा दिला, तिसरं आत बसलंच नाही. आता ओरिजिनल सहज मिळतं. किंमत पीमॅगच्या जवळपास तिप्पट, तरी तेच घ्या. तिथं वाचवलेले पैसे नेमबाजीच्या रेंजवर वाया गेलेल्या दिवसांत निघून जातात.

रुगरचीच 10/22 ही .22 ची रायफल, तिच्याबद्दल फार बोलायला नको. .22 च्या काडतुसाला बुडाशी कडा असते, आणि मॅगझिनमध्ये एकावर एक ठेवली की या कडा एकमेकींत अडकतात. 1964 पासूनचं कंपनीचं 10 चं गोल मॅगझिन प्रत्येक काडतूस फिरत्या चक्राच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतं, म्हणून ही भानगडच होत नाही. 25 चं हवंच असेल तर कंपनीचं बीएक्स-25. त्याचे ओठ पोलादी आहेत.

घेण्याआधी राज्याचा कायदा बघा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत एका मॅगझिनला 10 काडतुसांची मर्यादा, कोलोरॅडोत 15 ची, टेक्सासात नाही.

आणि कुठलंही घ्या, प्रत्येकावर रंगानं आकडा टाका. रायफल अडकली की तो आकडा वहीत लिहा. दोन-तीन फेऱ्यांत तोच आकडा पुन्हा आला तर स्प्रिंग बदलून बघा, तरी नाही सुधारलं तर हातोडीनं चेपून कचऱ्यात टाका. मित्राला देऊ नका.