भाषा शिकवणारं ॲप: ४१२ दिवस, पाच भाषा, बोलता एकही येत नाही

पाचपैकी अडीच स्टार. ॲपचं नाव लिहीत नाही, या जातीची बरीचशी ॲप्स एकाच वळणाची असतात. आधी काही महिने फुकट वापरलं, मग जाहिरातींना वैतागून वर्षाचा प्लॅन घेतला, आज स्ट्रीक (म्हणजे एकही दिवस न चुकवता धडा केल्याची मोजणी) ४१२ दिवसांचा आहे. त्यात जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन, पोर्तुगीज असं सगळं चाखून झालं. आई म्हणते एक ना धड भाराभर चिंध्या, आणि तिचं काही चुकत नाहीये.

खरी गोम अशी की भाषा बदलली तरी स्ट्रीक तुटत नाही. म्हणजे जर्मनमध्ये विभक्त्या सुरू झाल्या, डोकं धरलं, की गुपचूप फ्रेंच उघडायचं, तिथे परत पहिल्या दिवसाचं कौतुक, परत टाळ्या, परत तेच 'मांजर दूध पिते' छापाचं पहिलं वाक्य. कुठल्याही भाषेचे पहिले पंधरा दिवस मजेचेच असतात आणि हे ॲप आपल्याला तेच पंधरा दिवस पुन्हा पुन्हा विकतं. घेणारा मीच होतो म्हणा.

दुसरी तक्रार, सगळं इंग्रजीतून. त्यामुळे मराठी माणसाला जे आयतं येतं ते वायाच जातं. जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती आणि सुरी ते. इंग्रजीवाल्यांना हे विचित्र वाटतं म्हणून ॲप तिथे घोळत बसतं, पण आपण लहानपणापासून तो-ती-ते करतोय, आपल्याला फक्त कोणाला काय म्हणायचं ते पाठ करायचंय. फ्रेंचमध्ये ९७ म्हणजे चार-वीस-दहा-सात, ऐकून हसलो, मग आठवलं की आजी नारळ विसाने मोजायची, चार विसा झाले म्हणायची. आणि सत्त्याण्णव, सत्त्याऐंशी असलं सगळं वेगवेगळं पाठ करणाऱ्यांनी हसूच नये.

जपानीचा राग मात्र अजून गेला नाही. ॲपने हिरागानाची (ही जपानीची एक लिपी) अक्षरं भलत्याच क्रमाने, तुकड्या-तुकड्याने दिली, दीड महिना मी स्क्रीनवरचे उत्तरांचे ठोकळे दाबत बसलो. मग एकदा सहज तक्ता बघितला तर काय, अ इ उ ए ओ, आणि खाली क, स, त, न, ह, म, य, र, व! च च्या जागी स, प च्या जागी ह, बाकी क्रम आपल्याच वर्णमालेचा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तो तिकडे पोचला. ४६ अक्षरं मी वहीत बाराखडीसारखी लिहून काढली, आठवड्यात पाठ. वाक्यही आपल्यासारखंच, कर्ता, कर्म आणि क्रियापद शेवटी, 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे. हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी कदाचित जपानीतच टिकलो असतो. कदाचित.

परीक्षा झाली अजिंठ्याला. एक जपानी आजोबा दिसले, मी मोठ्या तोऱ्यात कोन्निचिवा केलं, वर दोन वाक्यंही टाकली, आजोबा इतके खूश झाले की सलग दोन मिनिटं बोलले. मला त्यातलं 'देस', म्हणजे 'आहे', तेवढं कळलं. हाइ हाइ करत मान हलवली, कशाला होकार दिला देव जाणे. ॲपमधला माणूस मोजून-मापून एकेक शब्द बोलतो, परत ऐकायची सोय असते, आणि उत्तर तर समोरच्या सहा ठोकळ्यांतच असतं. खऱ्या माणसाला ठोकळे नसतात.

रशियनमध्ये चहाला चाय, साखरेला साखर (जवळजवळ असंच) म्हणतात एवढं कळल्यावर मी समाधानाने थांबलो. पोर्तुगीजमध्ये बटाटा न बघता बरोबर आला, पगार, चावी, पाव ही मंडळीही ओळखीचीच निघाली, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

तर, नुसती चव घ्यायची असेल तर फुकटवालं व्हर्जन घ्या, मस्त आहे, रिक्षात वेळ जातो. जपानी घेणार असाल तर आधी तो तक्ता वहीत उतरवा. परीक्षाबिरीक्षा द्यायची असेल तर सरळ क्लास लावा, निदान सर ओरडतील तरी. वर्षाचा प्लॅन घेऊ नका. आणि माइकवाले धडे सोडूनच द्या, मागे माझ्या ऐवजी कुकरची शिट्टी झाली आणि ॲप म्हणालं, उच्चार उत्तम.