डेस्कटॉप टीव्हीला जोडायचा आहे: एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट की व्हीजीए?

रावेरच्या केळी व्यापाऱ्याला पेढीतल्या टीव्हीवर भाव दाखवायचे असोत किंवा धुळ्यातल्या शिकवणीचालकाला मागच्या बाकापर्यंत आकृत्या पोहोचवायच्या असोत, निर्णय संगणकाच्या मागील बाजूस कोणते पोर्ट आहे आणि टीव्ही किती अंतरावर आहे, यावरच ठरतो.

टीव्हीसाठी एचडीएमआयला माझी पहिली पसंती आहे, कारण चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातात आणि आजच्या जवळपास प्रत्येक टीव्हीला हे पोर्ट असते. मात्र फोर-के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचे चित्र दाखवणारा) टीव्ही घेणाऱ्याने संगणकाचे वय पाहावे. जुन्या संगणकांतली एचडीएमआयची १.४ आवृत्ती फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवते, त्यामुळे माउसचा बाण अडखळत सरकतो. २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत हा वेग ६० झाला. पाच मीटरपर्यंत साधी, चांगल्या प्रतीची केबल पुरते. वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे असेल, तर ऑप्टिकल (प्रकाशतंतूची) एचडीएमआय केबल घ्यावी आणि तिचे ‘सोर्स’ लिहिलेले टोक संगणकाकडेच लावावे. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावातही केबलच्या टोकावरील सोनेरी मुलाम्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याने चित्र अधिक सुंदर होत नाही.

डिस्प्लेपोर्ट मॉनिटरसाठी उत्तम आहे, पण टीव्हीवर ते क्वचितच आढळते. संगणकाला तेवढेच असेल, तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयचा स्वस्त अडॅप्टर बहुधा चालतो. तोच उलट दिशेने मात्र चालत नाही.

१९८७ चे व्हीजीए आवाज वाहून नेत नाही, लांब केबलवर अक्षरे धूसर करते आणि नव्या टीव्हींवरून हद्दपार होत आहे. जुन्या संगणकाला तेवढेच पोर्ट असल्यास यूएसबीवर चालणारा आणि आवाजासाठी वेगळी पिन असलेला कन्व्हर्टर लागतो. भावाच्या तक्त्यासाठी तो पुरेसा आहे. रोज आठ तास वाचायचे असेल, तर एचडीएमआय असलेले छोटे ग्राफिक्स कार्ड बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

वायरलेस जोडणीत चित्र किंचित उशिरा पोहोचते आणि अनेक डेस्कटॉपना वाय-फायही नसते.

कार्ड बसवल्यावर केबल मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) नव्हे, कार्डाच्याच पोर्टमध्ये लावावी. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडावे. त्यासाठी नवी केबल विकत घेण्याची गरज नसते.