पुण्यात पर्वती पायथ्याच्या छोट्या वाचनालयाची मेंबरशिप, वर्ष होत आलं म्हणून लिहितेय

मागच्या पावसाळ्यात घेतलेली मेंबरशिप परवा रिन्यू केली तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं, कारण सोसायटीच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, ती लायब्ररी चालू आहे का हो अजून? आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि कार्यकारिणीतले निम्मे लोक सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला भेटतात.

आधी पैशांचं. डिपॉझिट ३०० (परत मिळतं), महिना ८० रुपये, एका वेळी एक पुस्तक एक मासिक. सकाळी साडेआठ ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते साडेआठ. दुपारी बंद, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. जुन्या बिल्डिंगचा तळमजला, दोन खोल्या आणि एक लांब पॅसेज. पुढच्या खोलीत पेपर, आत कपाटं आणि ग्रंथपाल ताईंचं टेबल, पॅसेजमध्ये अभ्यासाला बसणारी पोरं.

पुस्तकांना मी दहापैकी सहा देईन. जुन्या कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं भरपूर, पण नवीन पुस्तक बाजारात आल्यावर इथे पोचायला सहा महिने कुठेच गेले नाहीत. खरेदी एकदम होते, डिसेंबरात फर्ग्युसनच्या ग्राउंडवर पुस्तक महोत्सव लागतो तेव्हा नाहीतर मार्चच्या आधी अप्पा बळवंत चौकातून, मधल्या काळात मागणीच्या वहीत नाव लिहून ठेवायचं आणि वाट बघायची. (वहीत लिहिलेलं येतं मात्र, माझी तरी बरीच आली.) वाचनालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या कोलकात्याच्या राजा राममोहन राय प्रतिष्ठानचा शिक्का असलेलं एक कपाट आहे, त्यात इंग्रजी-हिंदीतली चांगली चांगली पुस्तकं आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही, म्हणजे मला निवांत मिळतात. कॉम्प्युटर आहे, सॉफ्टवेअर आहे, पण नोंदी अर्ध्यावर थांबल्यात, त्यामुळे पुस्तक आहे की नाही हे शोधायचा एकच मार्ग, ताईंना विचारणे. आणि खरं सांगू का, तो मार्ग सॉफ्टवेअरपेक्षा फास्ट आहे. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्यांच्या नावानं पुस्तकं न्यायचे, तर ताई आधी पुस्तक उघडून टाइप केवढा आहे ते बघायच्या, बारीक असला तर विषय कितीही आवडीचा असो, "हे नको, त्यांचे डोळे दुखतील" म्हणून परत कपाटात. कुठलं ॲप हे करतं?

दिवाळी अंकांची योजना वेगळी भरायची, ती डोळे झाकून घ्या. आपल्याकडे १९०९ पासून दिवाळी अंक निघतायत आणि आता एकेकाची किंमत बघितली तर घरी चार अंक घ्यायचे म्हणजे विचार करावा लागतो. इथे थोड्या पैशांत मार्चपर्यंत एकेक बदलून न्या. फक्त पहिले पंधरा दिवस नावाजलेले अंक मिळणार नाहीत, ते कुणाकडे जातात हे सगळ्यांना माहितीये आणि कुणी बोलत नाही.

पण हा रिव्ह्यू पुस्तकांवर संपवला तर अर्धवट होईल. या जागेची किंमत करायची तर पुढच्या पेपरच्या खोलीत एक सकाळ बसा, तिथे मेंबर असायची गरजच नाही. सकाळ, लोकसत्ता, केसरी, पुढारी, सगळे मधोमध दोऱ्यानं शिवलेले, कारण नाहीतर पुरवण्या पळवतात. पेन्शनर काकांची जागा ठरलेली, पेपरचा क्रम ठरलेला, त्यात नवखा माणूस घुसला की थोडी कुरबुर होते. नऊच्या सुमारास नाइट ड्युटी संपवून वॉचमन येतात. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका छोट्या जाहिरातींचा मोबाइलवर फोटो काढून नेतात. आणि मग कुणीतरी पिशवीतून एक कागद काढतं, महापालिकेची नोटीस, बँकेचं पत्र, शाळेचा फॉर्म, आणि विचारतं की यात काय लिहिलंय. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, ते पेपर बाजूला ठेवून वाचून दाखवतात, वर काय करायचं तेही सांगतात. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी तर या खोलीत उभं राहायला जागा नव्हती, कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाचा नंबर नवऱ्याच्या आधारला जोडलेला, ताई एका हातानं पुस्तकं देतायत आणि दुसऱ्या हातानं कुणाचा तरी फोन धरलाय. शाळाप्रवेशाच्या, आरटीईच्या २५ टक्के जागांचे फॉर्म सुटले की परत तेच. हे त्यांच्या कामात कुठेही लिहिलेलं नाही आणि याचा एक रुपया कुणाकडून घेतला जात नाही.

पॅसेजमधली पोरं बीड, परभणी, लातूरकडची, एमपीएससीवाली. सदाशिव पेठेत, नव्या पेठेत प्रायव्हेट अभ्यासिकेच्या एका खुर्चीला महिन्याला हजाराच्या वर मोजावे लागतात, इथे २५० रुपये आहेत, एसी नाही, चार्जिंग पॉइंट दोनच आणि त्यावरून भांडणं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडायच्या ऐवजी उत्तरं लिहायची, झाल्यावर या पोरांची मागणीच बदलली, आधी प्रश्नसंच मागायची, आता अग्रलेखांची कात्रणं मागतात, तर ताईंनी विषयवार फायली करायला घेतल्या. एक रिटायर्ड शिक्षक त्यांचे निबंध तपासतात, लाल पेननं, आणि ऱ्हस्व-दीर्घावरून अशी काही झापतात की आतल्या खोलीत आम्हाला ऐकू येतं.

आता हे सगळं चालतं कशावर? मला वाटायचं सरकार देत असेल, पण वार्षिक सभेला जाऊन बसले तेव्हा आकडे कळले. तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर असतो, आपल्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात तो नाही. आपल्याकडे संस्थांनी वाचनालय चालवायचं, सरकार वर्गवारीनुसार अनुदान देणार, अ, ब, क, ड. सगळ्यात खालच्या ड वर्गाला वर्षाला ३० हजार मिळायचे, २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाल्यावर ४८ हजार. वर्षाला हां, महिन्याला नाही. म्हणजे महिना चार हजार, त्यात माणसाचा पगारही आला, पुस्तकंही आली. आमचं वाचनालय त्याच्या वरच्या वर्गात आहे, तरी ताईंचा पगार ऐकून मी गप्प बसले. पेपरची बिलं, लाइट, झाडू मारणाऱ्या मावशी, यातलं बरंचसं आपल्या ८० रुपयांतून जातं. म्हणून ज्यांना वाटतं की मी महिन्याला एकच पुस्तक वाचते मग मला परवडत नाही, त्यांनी हिशोब जरा पुढच्या खोलीपर्यंत न्यावा.

तक्रारी. टॉयलेट आहे पण किल्ली ताईंकडे मागावी लागते, बायकांना हे फार अवघड होतं, सभेत बोलले, बघू म्हणाले, अजून बघतायत. बालविभाग म्हणजे एक काचेचं कपाट, त्याला कुलूप, मुलांनी पुस्तक चाळून निवडायचं की काचेला नाक लावून? माझा मुलगा दोनदा आला आणि नंतर यायचंच नाही म्हणाला. यूपीआयचा क्यूआर लावलाय पण रेंज नसते, सुट्टे न्या. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, कार्यक्रम होतो त्यात भाषणं फार. कार्यकारिणीत साठीच्या खालचं कुणी नाही, आणि तरुण कुणी जायला तयार नाही हेही तितकंच खरं.

दुर्मिळ, संदर्भाचं काही हवं असेल तर इथे वेळ घालवू नका, सरळ नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात जा, १९११ पासूनची संस्था आहे, किंवा लक्ष्मी रोडला नगर वाचन मंदिरात, ते तर १८४८ चं. फक्त नवीन बेस्टसेलर हवे असतील तर घरपोच देणाऱ्या लायब्ऱ्या आहेत. पायी दहा मिनिटांवर राहत असाल, घरात म्हातारं माणूस असेल, किंवा कुणाचा फॉर्म अडलेला असेल तर ही मेंबरशिप घ्या. मी यंदा दोन पुस्तकांची वर्गणी भरलीये, दुसरं पुस्तक दर वेळी वाचून होतंच असं नाही. आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक फोटो लागतो, सोमवारी बंद असतं, आणि संध्याकाळी सातनंतर गेलात तर ताई जरा निवांत भेटतात.