वरची बॉडी की वरची लेन्स? हौशी फोटोग्राफरसाठी आमनेसामने

प्रोफेशनल कॅमेरा घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण बॉडीपासून (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यापासून) सुरुवात करतात. निकॉन झेड८ घेऊ की कॅनन आर५ मार्क २, यावर तासन्‌तास व्हिडिओ पाहून होतात आणि लेन्सचा विषय निघाला की ‘सध्या किट लेन्सवर (बॉडीसोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सवर) भागवू’ असं उत्तर येतं. माझं मत नेमकं उलट आहे. आधी लेन्स ठरवा, ती कोणत्या माउंटवर (बॉडीला लेन्स जिथे बसते त्या जोडावर, तो कंपनीगणिक बदलतो) चांगली मिळते ते बघा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी घ्या. हौसेला मोल नसतं हे खरं, पण बजेट असतं. या क्रमाला अपवादही आहेत, आणि तुम्ही त्या अपवादात बसता का एवढंच खरं तर ठरवायचं असतं.

बॉडी: दोन पायऱ्या

फुल फ्रेममध्ये (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत) हौशी माणसाच्या नजरेसमोर साधारण दोन पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर निकॉन झेड८ (२०२३) आणि कॅनन आर५ मार्क २ (२०२४). खालच्या पायरीवर निकॉन झेड६ थ्री (२०२४), कॅनन आर६ मार्क २ (२०२२) आणि सोनी ए७ फोर (२०२१). वजनं बॅटरी आणि कार्डासकट आहेत, सेन्सर वाचनाचा वेळ ढोबळ आहे.

| बॉडी | मेगापिक्सेल | वजन | पूर्ण सेन्सर वाचायला |
|---|---|---|---|
| झेड८ | ४५.७ | ९१० ग्रॅम | ४ मिलिसेकंद |
| आर५ मार्क २ | ४५ | ७४६ ग्रॅम | ६ मिलिसेकंद |
| झेड६ थ्री | २४.५ | ७६० ग्रॅम | १४ मिलिसेकंद |
| आर६ मार्क २ | २४.२ | ६७० ग्रॅम | १५ मिलिसेकंद |
| ए७ फोर | ३३ | ६५८ ग्रॅम | ६६ मिलिसेकंद |

शेवटचा रकाना बघा. दोन पायऱ्यांमधल्या किमतीच्या फरकाचा मोठा भाग तिथे आहे. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका क्षणात वाचला जात नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो. ए७ फोरला त्यासाठी साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात झेप घेणाऱ्या पक्ष्याचा पंख आपली जागा सोडून पुढे गेलेला असतो, म्हणून फोटोत तो वाकडा येतो. एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे उमटतात तेही याच कारणाने. झेड८ आणि आर५ मार्क २ यांचे सेन्सर स्टॅक्ड प्रकारचे आहेत, म्हणजे वाचनाची वेगवान सर्किट सेन्सरच्या पाठीलाच बसवलेली असते. त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो. झेड८ मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही.

पण ए७ फोरवर यांत्रिक शटर लावलं की तिथेही प्रश्न मिटतो. सेकंदाला १० फ्रेम मिळतात, आवाज होतो, बस. ज्याला निःशब्द शूटिंग किंवा सेकंदाला २०-३० फ्रेम नको आहेत, त्याने स्टॅक्ड सेन्सरसाठी पैसे का मोजावेत? निसर्गदृश्यं, पोर्ट्रेट, प्रवास, घरातले कार्यक्रम यांत मला त्याचं एकही सबळ कारण दिसत नाही.

आता पिक्सेल. झेड८ चा फोटो ८२५६ पिक्सेल रुंद, झेड६ थ्रीचा ६०४८. इंचाला ३०० पिक्सेल धरून छापलं तर पहिल्याचा प्रिंट साडेसत्तावीस इंचांचा, दुसऱ्याचा वीस इंचांचा. मेगापिक्सेल जवळजवळ दुप्पट, पण प्रिंटची रुंदी वाढली फक्त एक-तृतीयांशाने. वीस इंचांहून मोठं तुम्ही वर्षाकाठी किती छापता ते तुमचं तुम्हाला माहीत.

पिक्सेल खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ते क्रॉप करताना. लेन्सचा मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. झेड८ वर डीएक्स क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) लावला की ६०० मिमी लेन्सची चौकट ९०० मिमीसारखी होते आणि तरीही सुमारे १९ मेगापिक्सेल हातात उरतात. झेड६ थ्रीवर तेच केलं की जेमतेम १० ते ११ उरतात. पक्षी टिपणाऱ्याला कितीही लांब लेन्स दिली तरी ती पुरत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. लेन्स आधी, बॉडी नंतर या क्रमाला मी मान्य करतो तो पहिला अपवाद हाच.

एक गंमत खालच्या पायरीच्या बाजूने. झेड६ थ्रीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये ५७.६ लाख डॉट आहेत, महागड्या झेड८ मध्ये सुमारे ३७ लाख. डोळा ज्याला लावायचा तीच गोष्ट स्वस्त बॉडीत सरस! मात्र झेड६ थ्रीच्या अर्धवट-स्टॅक्ड सेन्सरने वेगाची किंमत दुसरीकडे वसूल केली आहे. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला टिपून एडिटिंगमध्ये सावल्या खूप उजळल्या तर आधीच्या झेड६ टूपेक्षा त्यात नॉइज (दाणेदारपणा) लवकर दिसतो. भर उन्हात आकाश सांभाळून एक्स्पोज करायचं आणि मग घरी बसून सावल्या उघडायच्या, अशी सवय असलेल्याने हे ध्यानात ठेवावं. बाकीच्यांना तो फरक जाणवणारही नाही.

२०२५ च्या अखेरीस आर६ मार्क ३ आणि ए७ फाइव्ह आले, ३२.५ आणि ३३ मेगापिक्सेलचे. नवं मॉडेल आलं म्हणून जुनं एका रात्रीत वाईट होत नाही, उलट परवडायला लागतं.

रोजची लेन्स: एफ/२.८ झूम, एफ/४ झूम की प्राइम

घासाघीस खरी इथे करायला हवी. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं अपर्चर, तो जितका लहान तितका प्रकाश जास्त आत येतो. प्राइम म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स.

अंधारलेल्या सभागृहात नाचाचा कार्यक्रम आहे असं धरा. हालचाल थांबवायला १/२५० सेकंदाचं शटर हवं. एफ/४ ला त्या प्रकाशात आयएसओ १२८०० लागत असेल तर एफ/२.८ ला ६४०० पुरतो आणि एफ/१.८ ला सुमारे २५०० मध्ये काम होतं. एफ/४ पासून एफ/१.८ पर्यंत प्रकाश जवळपास पाचपट होतो. इतकी झेप कोणत्याही दोन समकालीन फुल फ्रेम बॉडींमध्ये सापडणार नाही. झेड८ वर एफ/४ लावणारा आणि झेड६ थ्रीवर एफ/१.८ लावणारा शेजारी-शेजारी बसले तर चेहऱ्यावरचा नॉइज दुसऱ्याकडे कमी असेल. स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही, ते तुमचा हात थांबवतं, नाचणाऱ्याचा नाही.

मग सगळ्यांनी प्राइमच घ्यावी का? तर नाही. एफ/१.८ ला डेप्थ ऑफ फील्ड (फोकसमध्ये राहणारी खोली) इतकी कमी असते की पुढे-मागे उभ्या असलेल्या तिघांपैकी एकाचाच चेहरा धारदार येतो. शिवाय सभागृहात जागा सोडून पुढे-मागे होता येत नाही, तिथे झूमच हवा. एफ/२.८ झूम म्हणजे दोन्हींमधला मार्ग, पण महाग आणि बहुधा जड. कॅननच्या आरएफ २४-७० चं वजन ९०० ग्रॅम, निकॉनच्या पहिल्या झेड २४-७० चं ८०५. सोनीची २४-७० जीएम टू ६९५ ग्रॅमवर आली आणि निकॉनने २०२५ मध्ये दुसरी आवृत्ती ६७५ ग्रॅमची काढली. जड काचेचे दिवस हळूहळू सरताहेत.

एफ/४ गटात माझी पसंती निकॉनच्या झेड २४-१२० ला. ६३० ग्रॅम, आणि ७० ऐवजी १२० पर्यंत पोचते. दिवसाउजेडी हिंडणाऱ्याला यापलीकडे दुसरी लेन्स क्वचितच लागेल. कॅननची आरएफ २४-१०५ एफ/४ एल ७०० ग्रॅमची, कामाला चोख. सोनीकडे २०-७० एफ/४ जी आहे, ४८८ ग्रॅम. टोकाला ७० च मिळतात, पण २० ची रुंदी २४ पेक्षा चांगलीच वेगळी दिसते. दऱ्या-डोंगर आणि इमारती जास्त टिपत असाल तर ती बघाच.

हौशी माणसाला माझा सल्ला: एक एफ/४ झूम आणि एक स्वस्त, उजळ प्राइम. झेड ४० एफ/२ फक्त १७० ग्रॅमची, आरएफ ५० एफ/१.८ तर १६० ग्रॅमची. ही जोडी मिळूनही एका एफ/२.८ झूमपेक्षा सहसा स्वस्त पडते. एफ/२.८ झूम ज्याला दर आठवड्याला मंचावर, मैदानावर किंवा लग्नात उभं राहायचं आहे त्याने घ्यावा. त्याच्या हातात लेन्स बदलायला वेळ नसतो आणि तुमच्या हातात तो असतो.

प्राइम कोणत्या फोकल लेंग्थची (किती मिमीची) घ्यावी हे दुसऱ्याला विचारू नका. तुमच्या जुन्या फोटोंमध्ये फोकल लेंग्थची नोंद आपोआप साठलेली असते. लाइटरूम किंवा डार्कटेबलमध्ये तुम्हाला आवडलेले फोटो त्यानुसार गाळून बघा. बहुतेकांच्या बाबतीत एका-दोन आकड्यांभोवतीच गर्दी दिसते. ती गर्दी ३५ च्या आसपास असेल तर लोकांनी कितीही नावाजलेली ८५ घेऊ नका.

लांबची लेन्स: इथे माउंट ठरवतं

पक्षी, वन्यजीव, विमानं, खेळ. या विषयांसाठी लेन्स आणि ब्रँड वेगळे काढताच येत नाहीत.

निकॉनची झेड १८०-६०० एफ/५.६-६.३ ट्रायपॉडच्या कॉलरशिवाय १९५५ ग्रॅम. सोनीची २००-६०० त्याच अपर्चरची, २११५ ग्रॅम. दोन्हींचा झूम आतल्या आत होतो, नळी पुढे येत नाही, त्यामुळे तोल ढळत नाही आणि ट्रायपॉडवर काम सुखाचं होतं. कॅननची आरएफ १००-५०० एफ/४.५-७.१ मात्र १३७० ग्रॅमचीच. झेड८ आणि १८०-६०० मिळून २८६५ ग्रॅम, आर५ मार्क २ आणि १००-५०० मिळून २११६. हातात धरून सकाळभर चालायचं असेल तर हा पाऊण किलोचा फरक खांद्याला कळतो, कागदावर कळत नाही. बदल्यात १०० मिमी कमी आणि अपर्चर एक-तृतीयांश स्टॉप मागे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). शिवाय या लेन्सला एक्स्टेंडर (फोकल लेंग्थ वाढवणारा मधला जोड) लावला की झूम ३०० च्या खाली येत नाही, तो तिथेच अडतो. पिशवीत भरताना दर वेळी एक्स्टेंडर काढायचा, हे चिडचिड करायला पुरेसं आहे.

कॅननची आरएफ २००-८०० एफ/६.३-९ कागदावर भुरळ पाडते. पण ८०० ला एफ/९ म्हणजे एफ/६.३ च्या निम्मा प्रकाश. झाडीत, पहाटे, ढगाळ हवेत आयएसओ भराभर चढतो. उघड्या पाणथळीवर उन्हात मात्र तिला तोड नाही.

खांदा दुखावला असेल किंवा वय झालं असेल तर फुल फ्रेमचा हट्ट सोडून ओएम सिस्टीमच्या ओएम-१ मार्क २ आणि ३०० मिमी एफ/४ यांच्याकडे बघा. सेन्सर छोटा असल्याने चौकट ६०० मिमीची मिळते आणि एकूण बोजा बराच कमी होतो. अंधारात नॉइज जास्त येणार आणि पार्श्वभूमी तितकी विरघळणार नाही. हे मान्य असेल तर यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स

सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स घेण्याचा विचार असेल तर सोनीचं ई माउंट निर्विवाद पुढे आहे. सिग्माची २८-७० एफ/२.८ अवघी ४७० ग्रॅमची, तीही ई आणि एल (पॅनासोनिक, लायका) माउंटसाठी. हौशी माणसाला परवडणारा एफ/२.८ झूम हवा असेल तर मी थेट इथे बोट दाखवीन. सोनीच्या वेगवान बॉडींवर अशा लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे, पण ए७ फोर मुळातच १० देतो, तेव्हा ती चिंता गैरलागू.

निकॉन झेडवर टॅमरॉनचे काही फुल फ्रेम झूम मिळतात, सिग्माच्या मात्र छोट्या सेन्सरच्या प्राइमवर समाधान मानावं लागतं. कॅननने २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉनला आरएफवर (कॅननच्या आर मालिकेच्या माउंटवर) वाट दिली ती एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरती. म्हणजे फुल फ्रेम कॅनन घेणाऱ्याने कॅननच्याच दराने लेन्स घेण्याची तयारी ठेवावी.

याला उतारा जुन्या लेन्सचा. घरात ईएफ (कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या) लेन्स पडून असतील तर अडॅप्टर लावून त्या आर मालिकेवर उत्तम चालतात, ऑटोफोकससकट. असा साठा असलेल्याने ब्रँड बदलण्याच्या फंदात पडू नये. निकॉनवाल्यांनी जरा जपून. निकॉनच्या जुन्या लेन्स झेडवर लावणाऱ्या एफटीझी टू अडॅप्टरमध्ये फोकस मोटर नाही, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सवर हातानेच फोकस करावा लागतो. एएफ-एस लेन्स व्यवस्थित चालतात.

मग कुणी काय घ्यावं

पक्षी आणि वेगवान वन्यजीव हाच मुख्य छंद असेल तर बॉडीवर खर्च करा. झेड८ आणि १८०-६००, किंवा वजन नको असेल तर आर५ मार्क २ आणि १००-५००. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी झेड८ कडे झुकेन, कारण ६०० मिमी ते ६०० मिमी.

मंच, कार्यक्रम, घरातली मुलं: झेड६ थ्री किंवा आर६ मार्क २, सोबत एक उजळ प्राइम आधी आणि झूम नंतर. बजेट ताणलेलं असेल तर ए७ फोर आणि सिग्मा २८-७०, फक्त एलईडीखाली यांत्रिक शटर ठेवा.

निसर्गदृश्यांसाठी ए७ फोर आणि २०-७० एफ/४ जी भरपूर झाली. भिंतभर प्रिंट काढणार असाल तर ६१ मेगापिक्सेलचा ए७आर फाइव्ह, पण मग ट्रायपॉडही तितकाच भक्कम हवा.

आणि अजून नक्की काय टिपायचं हेच ठरलं नसेल तर कोणतीही खालच्या पायरीची बॉडी, एक एफ/४ झूम, इथेच थांबा. लांब लेन्स भाड्याने मिळते. ती आठवडाभर आणून बघा, निम्म्यांचा दोन किलो उचलण्याचा उत्साह तेवढ्यात ओसरतो.